स्वस्त व सुटसुटीत संगणकाचा शोध : पुण्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास सामान्यतः वेगाचा आणि क्षमतेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्याला समांतर असा आणखी एक इतिहास आहे व तो किमतीचा आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला तेव्हा त्याच्या सर्वांत साध्या रूपाची किंमत १,५६५ डॉलर होती. पुढील काळात याच यंत्राच्या रचनेवर घरगुती व कार्यालयीन संगणकाचे प्रमाण रूप ठरले. पडदा, कळफलक, मुख्य पेटी आणि चकती अशा चार भागांचे हे यंत्र मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबाला दीर्घकाळ परवडणारे नव्हते. त्यामुळे 'याहून लहान, याहून स्वस्त, परंतु तेच काम करणारे यंत्र मिळेल काय?' हा प्रश्न भारतात जवळजवळ प्रत्येक दशकात नव्याने विचारला गेला.

या प्रश्नाचा विचार करताना पुणे शहराचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण ठरते. महासंगणकाची निर्मिती, भारतीय लिप्यांचे संगणकीकरण आणि सार्वत्रिक संगणक साक्षरता या तिन्ही प्रयत्नांची केंद्रे या शहरात होती. स्वस्त संगणकाची गाजलेली यंत्रे मात्र इतरत्र घडली. प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांची तुलना केली आहे. स्वस्त पर्यायाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हे इतिहासाच्या आधारे निश्चित करणे हा लेखाचा हेतू आहे. महाविद्यालयांना व पालकांना हा प्रश्न आजही सोडवावा लागतो. त्याचे उत्तर चुकले तर विद्यार्थ्याच्या हाती यंत्र येते, पण संगणक येत नाही. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञानाचा न राहता शिक्षणातील समान संधीचा ठरतो.

१. दूरचित्रवाणी संचाला जोडलेला संगणक

स्वस्त गृहसंगणकाची पहिली यशस्वी कल्पना इंग्लंडमध्ये साकार झाली. सिंक्लेअर कंपनीने १९८१ मध्ये झेडएक्स ८१ हा संगणक अवघ्या ६९.९५ पौंडांस विक्रीस आणला. त्याची स्मृती केवळ एक किलोबाइट होती. एप्रिल १९८२ मध्ये आलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रमची किंमत सोळा किलोबाइट स्मृतीसह १२५ पौंड व अठ्ठेचाळीस किलोबाइट स्मृतीसह १७५ पौंड होती. एवढी काटकसर कशी साधली गेली हे समजून घेणे आवश्यक आहे. सिंक्लेअरने पडदा आणि साठवणुकीचे साधन ही दोन महाग अंगे यंत्रातून वगळली. पडद्याचे काम घरातील दूरचित्रवाणी संच करी व आज्ञावली साठविण्याचे काम गाणी ऐकण्याचा कॅसेट रेकॉर्डर करी. म्हणजेच खर्च नाहीसा झाला नाही. घरात आधीच असलेल्या वस्तूंवर तो ढकलला गेला.

भारतात ही अट सहज पूर्ण होणारी नव्हती. पुणे शहरास सिंहगडावरील प्रक्षेपण केंद्रामुळे १९७३ पासून दूरचित्रवाणीचा लाभ मिळत होता, तरी ऐंशीच्या दशकात संच असलेल्या घरात तो एकच असे व त्यावर संपूर्ण कुटुंबाचा हक्क असे. संगणकासाठी तो तासन् तास अडवून ठेवणे व्यवहारात अवघड होते. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवान्याखाली 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हे यंत्र भारतात आणले. त्याची विक्री काही हजारांपर्यंत गेली आणि १९९० च्या सुमारास ही बाजारपेठ ओसरली. त्यापूर्वी १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाच्या 'क्लास' या योजनेखाली माध्यमिक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले होते. प्रारंभी सुमारे २५० शाळांची निवड झाली होती. दोन्ही प्रयत्नांत एक समान उणीव होती. ही यंत्रे इंग्रजीतच बोलत आणि कार्यालयात वापरल्या जाणाऱ्या संगणकाशी त्यांचा मेळ बसत नसे. त्यांवर शिकलेल्या मुलास पुढे नोकरीच्या ठिकाणी दुसरेच यंत्र भेटे. बेसिक भाषेत आज्ञावली लिहिण्याची गोडी त्यांनी अनेकांना लावली, हे त्यांचे श्रेय मात्र मान्य करावे लागते.

२. पुण्याचे पहिले उत्तर : सामान्य सुट्या भागांतून असामान्य काम

१९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजेच सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालील या संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक सादर केला. अमेरिकेने प्रगत क्रे महासंगणक देण्यास नकार दिल्याची पार्श्वभूमी या प्रकल्पास होती. परम व गृहसंगणक यांचा संबंध वरवर पाहता दिसत नाही, परंतु त्यामागील विचार येथे महत्त्वाचा आहे. एकच अतिशक्तिमान व दुर्मीळ प्रक्रियक वापरण्याऐवजी बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर हे लहान प्रक्रियक एकमेकांना जोडून त्यांच्याकडून समांतर रीतीने काम करवून घेण्यात आले. चौसष्ट प्रक्रियकांच्या यंत्राची कमाल क्षमता एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर कोटी गणिती क्रिया, एवढी होती. महागडी वस्तू स्वस्त करण्याचा मार्ग तिची हुबेहूब छोटी प्रतिकृती करण्याचा नसून तिची रचना बदलण्याचा असतो, हा धडा पुण्यात याप्रमाणे घातला गेला.

सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने सी-डॅकचे दुसरे कार्य अधिक परिणामकारक होते. भारतीय लिप्यांसाठीचे 'जिस्ट' तंत्रज्ञान ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी आयआयटी कानपूर येथे विकसित होऊ लागले व पुढे ते पुण्यातील सी-डॅकमध्ये आले. मोहन तांबे यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. जिस्ट कार्ड हे एक लहान फलक असून ते प्रमाणित संगणकाच्या आतील रिकाम्या खाचेत बसविले जाई. ते बसविल्यावर वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजीसाठी तयार झालेल्या आज्ञावली मराठी अक्षरे स्वीकारू व दाखवू लागत. नवा भारतीय संगणक घडविण्याऐवजी जगभर स्वस्त होत चाललेल्या प्रमाणित संगणकास भारतीय भाषा शिकविण्याचा हा निर्णय होता व तो दूरदृष्टीचा ठरला.

या तंत्रज्ञानाबरोबर 'इस्की' हे प्रमाण सांकेतिक कोष्टक रूढ झाले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्यास आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. त्यात ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच सांकेतिक मांडणी दिलेली असल्याने एका लिपीतील मजकूर दुसरीत दाखविणे शक्य होते. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताखाली व व्यंजने उजव्या हाताखाली ठेवून वर्णमालेची व्यवस्था टिकविण्यात आली. युनिकोडमधील भारतीय लिप्यांची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे.

नव्वदच्या दशकात विंडोज प्रणाली रुळल्यावर कार्डाची जागा टंकांनी घेतली. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्री-लिपी मराठी मुद्रणव्यवसायात सर्वदूर पोहोचली व मराठी अक्षरजुळणी सुकर झाली. या युगातील एक सार्वत्रिक अडचण मात्र लक्षात घेतली पाहिजे. प्रत्येक उत्पादकाची सांकेतिक मांडणी वेगळी असल्याने एका संगणकावर टंकलिखित केलेला मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे. अनेक संस्थांचे जुने दस्तऐवज आजही अशा बंदिस्त अवस्थेत आहेत. यंत्र स्वस्त असूनही त्यातील मजकूर मोकळा नसेल तर त्याची खरी किंमत पुढील पिढीस मोजावी लागते, हे या अनुभवातून स्पष्ट होते.

३. बाजारपेठेचे उत्तर : जुळवणीचा संगणक

स्वस्त संगणकाच्या चर्चेत ज्याचा उल्लेख क्वचितच होतो असा पर्याय म्हणजे जुळवणीचा, अर्थात 'असेंबल्ड' संगणक. आयबीएमची रचना खुली असल्याने मदरबोर्ड, प्रक्रियक, स्मृती, हार्ड डिस्क हे भाग स्वतंत्रपणे विकत घेऊन एकत्र बसविता येत. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक साहित्याच्या बाजारपेठा असलेल्या शहरात ही पद्धत रुजणे स्वाभाविक होते. माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९९७ मध्ये सहभागी झाला आणि २००५ पर्यंत संबंधित वस्तूंवरील आयातशुल्क शून्यावर आले. त्यामुळे हा पर्याय अधिकच सुलभ झाला.

जुळवणीच्या संगणकाचे बलस्थान त्याच्या प्रारंभिक किमतीपुरते मर्यादित नव्हते. बिघडलेला भाग तेवढाच बदलता येई, स्मृती नंतर वाढविता येई आणि दुरुस्त करणारा तंत्रज्ञ त्याच पेठेत भेटे. खर्च एकरकमी न होता टप्प्याटप्प्याने होई. कंपनीची हमी नसणे, परवाना नसलेल्या आज्ञावलींचा प्रसार आणि सुट्या भागांच्या दर्जाबाबत अनिश्चितता हे त्याचे दोष होते. तथापि दुरुस्तीयोग्यता हा निकष त्याने ठळकपणे पुढे आणला. पुढील काळातील बहुतेक सुटसुटीत यंत्रे नेमकी याच निकषावर कमी पडली.

४. हातात मावणारी तीन स्वप्ने

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या बारा वर्षांत स्वस्त संगणकाची तीन स्वप्ने भारतात विशेष गाजली.

पहिले स्वप्न सिम्प्युटरचे होते. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतील अभियंते यांनी १९९९ मध्ये सिम्प्युटर न्यास स्थापन केला व एप्रिल २००१ मध्ये यंत्राचे प्रारूप दाखविले. लिनक्स प्रणाली, स्पर्शपटल, भारतीय भाषांतील उच्चारण आणि स्मार्ट कार्ड ही त्याची वैशिष्ट्ये होती. प्रत्येक ग्रामस्थाजवळ स्वतःचे कार्ड व संपूर्ण गावात एक यंत्र, ही त्यामागील मूळ कल्पना अतिशय अभ्यसनीय आहे. २००४ मध्ये अमिडा या नावाने ते बाजारात आले तेव्हा त्याच्या सर्वांत साध्या रूपाची किंमत ९,९५० रुपये होती. परंतु २००५ मध्ये एचसीएल कंपनीने पडदा, कळफलक व चाळीस गिगाबाइट चकती असलेला पूर्ण संगणक ९,९९० रुपयांस देऊ केला. एका वर्षाच्या अंतराने तेवढ्याच पैशात प्रमाणित यंत्र मिळू लागल्यावर लहान यंत्राचे अर्थशास्त्र कोलमडले. सिम्प्युटरची विक्री अपेक्षेच्या मानाने फारच अल्प झाली.

दुसरे स्वप्न 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचे होते. निकोलस निग्रोपाँटे यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. २००७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा एक्सओ या यंत्राची किंमत शंभर डॉलरच्या दुपटीच्या जवळ पोहोचली होती. भर उन्हात वाचता येणारा पडदा व अत्यल्प वीजवापर ही त्याची खरोखरीची नवी देणगी होती. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून नाकारली. तरीही रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी शाळेत २००७ च्या अखेरीस सुमारे वीस यंत्रांसह भारतातील पहिला प्रयोग झाला. योजनेचा देशातील विस्तार अल्पच राहिला. पेरू देशात ती लक्षावधी मुलांपर्यंत पोहोचली व तेथील ३१९ शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गणित व भाषा यांतील गुणांत लक्षणीय वाढ आढळली नाही, सर्वसाधारण आकलनक्षमतेच्या चाचण्यांत मात्र काही प्रगती दिसली. यंत्र दिल्याने शिक्षण आपोआप घडत नाही, हे यावरून सिद्ध होते.

तिसरे स्वप्न आकाश टॅब्लेटचे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत सादर झालेल्या या यंत्राची शासकीय खरेदी किंमत सुमारे २,२७६ रुपये होती. सात इंची पडदा, २५६ मेगाबाइट स्मृती व ३६६ मेगाहर्ट्झ प्रक्रियक एवढी त्याची सामग्री होती. दाब देऊन वापरावा लागणारा पडदा व मंद गती यांविषयी तक्रारी आल्या. नोव्हेंबर २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या सहभागाने आकाश-२ हे बरेच सुधारित रूप आले. परंतु तोवर खासगी कंपन्यांचे स्वस्त टॅब्लेट व स्मार्टफोन बाजारात पोहोचू लागले होते. शासकीय खरेदीचा वेग आणि बाजारपेठेचा वेग यांतील ही तफावत तिन्ही स्वप्नांच्या विरोधात गेली.

५. पुण्याचे दुसरे उत्तर : वाटून घेतलेला संगणक

यंत्राची किंमत कमी करण्याऐवजी एका यंत्राचे वापरकर्ते वाढविले तर दरडोई खर्च घटतो. या विचाराचे सर्वांत व्यापक रूप महाराष्ट्रात दिसले. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजेच एमकेसीएल, स्थापन झाले. त्याचे मुख्यालय पुण्यात होते व विवेक सावंत हे त्याचे पहिले व्यवस्थापकीय संचालक होते. एमएस-सीआयटी हा त्याचा अभ्यासक्रम अधिकृत केंद्रांच्या जाळ्यामार्फत तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचला. केंद्र चालविणारा स्थानिक उद्योजक किंवा संस्था यंत्रांची गुंतवणूक करी आणि दिवसभर निरनिराळ्या तुकड्या तेच संगणक वापरीत. मराठीतून शिक्षण मिळे व शासकीय सेवेतील अनेक पदांसाठी ही अर्हता ग्राह्य धरली गेली. त्यामुळे ज्या घरात संगणक येणे शक्य नव्हते त्या घरातील लक्षावधी व्यक्तींनी प्रथमच कळफलकास हात लावला.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली यांनी पुरस्कारिलेला संगणकाधारित कार्यात्मक साक्षरतेचा उपक्रमही याच जातीचा होता. प्रौढांना वाचन शिकविण्यासाठी त्यात कार्यालयांतून बाद होणारे जुने संगणक वापरण्यात आले. सर्वांत स्वस्त संगणक हा कित्येकदा आधीच तयार झालेला असतो, हे त्याने दाखविले.

सामायिक वापराच्या मर्यादा वारणानगरच्या अनुभवातून कळतात. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकांना सहकारी कारखान्याची माहिती गावातील संगणक केंद्रावर मिळावी, हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात ही केंद्रे मुख्यतः उसाच्या नोंदींपुरतीच वापरली गेली आणि संगणकांची देखभाल हा भार ठरला. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत आठ महिने एक प्रयोग करण्यात आला. त्यात केंद्रातील संगणकाऐवजी मोबाइल फोनवरील लघुसंदेशांद्वारे तीच माहिती देण्यात आली व तो यशस्वी झाला. उसाचे वजन, खताची नोंद, तोडणीची परवानगी एवढेच काम असेल तर साधा फोन पुरेसा असतो. येथे स्वस्त पर्याय जिंकला, कारण काम आधी निश्चित झाले होते.

एमएस-सीआयटीच्या बाबतीत मात्र वेगळी मर्यादा होती. अभ्यासक्रम संपला की सराव संपे. प्रमाणपत्र घरी येई, संगणक येत नसे. लेखन, आज्ञावली, संशोधन यांसाठी लागणारा दीर्घ व एकांतातील सराव ठरावीक वेळेच्या तुकडीत होऊ शकत नाही.

६. मूल्यमापन

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार भारतातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के व शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. दुसरीकडे 'असर' अहवालानुसार ग्रामीण भागातील शाळेत नोंदलेल्या मुलांपैकी घरी स्मार्टफोन असलेल्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. सिम्प्युटर व आकाश यांनी पाहिलेले स्वप्न अशा रीतीने फोनने पूर्ण केल्यासारखे दिसते. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाल्यावर अध्यापनाचा मोठा भार याच यंत्रावर पडला. व्याख्यान ऐकणे व सूचना वाचणे त्यावर शक्य होते. दहा पानी निबंध लिहिणे, कोष्टक तयार करणे किंवा आज्ञावली रचणे मात्र अवघड होते. फोन हे ग्रहणाचे उत्तम साधन आहे, निर्मितीचे नाही. दोन विद्यार्थ्यांपैकी एकाजवळ कळफलक व दुसऱ्याजवळ केवळ फोन असेल तर दोघेही 'ऑनलाइन' असतात, पण समान नसतात.

येथे सिंक्लेअरची जुनी कल्पना पुन्हा आठवते. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय हा हाताच्या पंज्यात मावणारा संगणक पस्तीस डॉलरला विक्रीस आला. घरातील दूरचित्रवाणी संच हा त्याचा पडदा व मेमरी कार्ड ही त्याची साठवण. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेले त्याचे ४०० हे रूप तर कळफलकातच सामावलेले होते, अगदी स्पेक्ट्रमप्रमाणे. फरक एवढाच की आता मुक्त प्रणाली, युनिकोडमधील मराठी व मुक्त परवान्याचे टंक उपलब्ध होते. १९८६ साली जी उणीव यंत्रास मारक ठरली ती भरून निघाली होती. तथापि पडदा, कळफलक, वीजपुरवठा व जोडणी यांचा खर्च मिळविला की पस्तीस डॉलरचा आकडा भ्रामक ठरतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

निष्कर्ष

१) स्वस्त यंत्राची जाहीर किंमत ही त्याची एकूण किंमत नसते. वगळलेल्या भागांचा, विजेचा, दुरुस्तीचा व प्रशिक्षणाचा खर्च मिळवूनच तुलना केली पाहिजे.

२) प्रमाणित संगणकाची किंमत सतत घटत असल्याने केवळ कमी किमतीवर उभा असलेला पर्याय अल्पायुषी ठरतो. सिम्प्युटर व आकाश ही त्याची उदाहरणे होत. कमी वीज, सामायिक वापर किंवा नवी रचना यांसारखा स्वतंत्र गुण असलेली कल्पना मात्र यंत्र मागे पडल्यावरही टिकून राहते.

३) भाषा हा यंत्राचा अलंकार नसून त्याचा भाग आहे. जिस्टने स्वस्त संगणक निर्माण केला नाही, पण उपलब्ध संगणक मराठी माणसासाठी उपयुक्त केला. किमतीतील कपातीइतकेच हे कार्य मोलाचे आहे.

४) कामाचे स्वरूप ठरल्यावरच पर्यायाची निवड करावी. वारणेच्या शेतकऱ्यास फोन पुरला, पदवीच्या विद्यार्थ्यास तो पुरत नाही.

पुण्याने जगास स्वस्त गृहसंगणक दिला नाही. सामान्य भागांची नवी रचना, उपलब्ध यंत्रास दिलेली स्वभाषा आणि एका यंत्राचा अनेकांनी घेतलेला लाभ ही तीन उत्तरे मात्र या शहराने दिली. महाविद्यालयांपुरते बोलायचे तर त्यांतील तिसऱ्या उत्तराचा उरलेला भाग पूर्ण करणे त्यांच्या हाती आहे. सायंकाळी कुलूपबंद होणारी संगणक प्रयोगशाळा तासिकेनंतर खुली ठेवणे व बाद ठरविलेले संगणक मुक्त प्रणालीसह विद्यार्थ्यांना घरी नेऊ देणे यांसाठी कोणत्याही नव्या यंत्राची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.